पाव सेकंदाच्या पोटात

माझी आई साताऱ्यात टेलिफोन ऑपरेटर होती. सुरुवातीची वीसेक वर्षं ट्रंक बोर्डावर. दिवा लागला की कॉर्ड उचलायची, नंबर विचारायचा, नेमक्या भोकात खुपसायची, आणि तेवढ्यात पलीकडं दुसरा दिवा लागलेला असायचा. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ७८व्या वर्षी, ती नावं विसरू लागली म्हणून आम्ही तिला तपासणीला नेलं. तिथं टॅबलेटवरची एक चाचणी होती : पडद्यावर बाण उमटेल, डावा असेल तर डावं बटण दाबा, उजवा असेल तर उजवं. चाचणी संपल्यावर तिथला तरुण माझ्याकडं वळून म्हणाला, "आजींचा स्पीड फारच कमी झालाय." हे तिच्यासमोरच. कागद हातात आल्यावर मी पाहिलं. वेळ खरोखर जास्त लागला होता. चुकांच्या रकान्यात शून्य होतं. परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नीट बघितल्याशिवाय कसं दाबायचं? चुकीच्या घरी फोन लागला असता."

हे पुस्तक त्या वाक्यातून निघालं आहे. प्रतिक्रियाकाल, म्हणजे एखादी खूण दिसल्यापासून हात हलेपर्यंत जाणारा वेळ, हा आपण शरीराचा वेग समजतो. नसा तल्लख असतील तर वेळ कमी, नसा थकल्या की जास्त. दीडशे वर्षांचं संशोधन वेगळंच सांगतं. त्या वेळेतला मोठा हिस्सा मेंदू निवाडा करण्यात घालवतो, आणि किती खात्री झाल्यावर निवाडा द्यायचा हेही तोच ठरवतो. आईच्या कागदावरच्या एका आकड्यात हे सगळं एकत्र कालवलेलं होतं. ते वेगळं कसं करायचं, हाच या विषयाचा इतिहास आहे.

घरात करता येईल असा एक प्रयोग आधी सांगतो. ३० सेंटीमीटरची फूटपट्टी कोणालातरी वरून धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी आपला अंगठा आणि बोट न टेकवता ठेवा. समोरच्यानं न सांगता पट्टी सोडली की पकडा. बहुतेकांच्या चिमटीत ती २० सेंटीमीटरच्या आसपास सापडते. गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबानं हे ०.२ सेकंद झाले. आता दोन पट्ट्या घ्या, दोन्ही हात तयार ठेवा, आणि दोन्हींतली कुठलीही एकच सोडायला सांगा. आता पट्टी आणखी घसरते, पुष्कळदा हातून सुटतेच. डोळे तेच, नसा त्याच, बोटं तीच. वाढला तो फक्त 'कुठली?' या प्रश्नाचा खर्च.

रस्त्याचा खर्च तसा माफक आहे. दृष्टिपटलाला प्रकाशाचा विद्युत संदेश करायला दोन आकडी मिलिसेकंद लागतात. मेंदूच्या कारक भागापासून हाताच्या स्नायूपर्यंत संदेश साधारण २० मिलिसेकंदांत पोचतो, आणि स्नायूला प्रत्यक्ष ओढ घ्यायला आणखी थोडा वेळ लागतो. कानाचं काम डोळ्यापेक्षा झटपट होतं, म्हणून आवाजाला आपण प्रकाशापेक्षा लवकर प्रतिसाद देतो. तापलेल्या तव्याला हात लागला तर मज्जारज्जूच परस्पर हात मागं खेचतो, मेंदूला बातमी नंतर कळते. केंब्रिजचे रॉजर कारपेंटर यांनी नजरेच्या उड्यांचा अभ्यास करताना हा हिशेब मांडला. नवीन ठिपका दिसल्यावर तिकडं डोळा वळवायला मज्जासंस्थेच्या जवळच्या वाटेनं सुमारे ६० मिलिसेकंद पुरायला हवेत, प्रत्यक्षात २०० च्या आसपास लागतात. उरलेल्या वेळेचं काय होतं? कारपेंटर म्हणतात, मेंदू मुद्दाम थांबतो. तिकडं बघणं खरोखर फायद्याचं आहे का, हे तो तोलतो.

हे तोलणं मोजता येईल, असं फार काळ कोणाला वाटलंच नव्हतं. मारुतीच्या वेगाला मनाच्या वेगाची उपमा देणारं स्तोत्र आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी दिवेलागणीला म्हटलं आहे. मनाहून वेगवान काही नाही, ही समजूत युरोपातही तितकीच मुरलेली होती. तिला पहिला तडा एका नोकरीच्या प्रकरणात गेला. ग्रिनिच वेधशाळेत तारा दुर्बिणीतल्या तारेला कधी ओलांडतो ते घड्याळाचे ठोके ऐकत नोंदवायचं काम असे. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन यांना दिसलं की साहाय्यक डेव्हिड किनब्रुक यांच्या नोंदी आपल्यापेक्षा ०.८ सेकंदानं उशिराच्या आहेत. ताकीद देऊनही फरक जाईना, तेव्हा १७९६ साली किनब्रुक यांना कामावरून काढण्यात आलं. पुढं कोनिग्सबर्गचे खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी ही हकिगत वाचली आणि इतर निरीक्षकांशी स्वतःची तुलना करून पाहिली. १८२३ साली त्यांच्या आणि आर्गेलांडर यांच्या नोंदींत एका सेकंदाहून जास्त फरक निघाला. दोघंही नाणावलेले, दोघंही दक्ष. कान आणि डोळा यांच्या साक्षी जुळवायला प्रत्येकाचा मेंदू आपापला वेळ घेतो, याला मग 'वैयक्तिक समीकरण' असं नाव पडलं. किनब्रुक यांना ते नाव ऐकायला मिळालं नाही. त्यांच्या नावापुढं निष्काळजीपणाचा शेरा राहिला. या प्रकरणाकडं मी पुन्हा पुन्हा का वळतो, हे सुरुवातीची आईची हकिगत वाचलेल्यांना सांगायला नको.

१८५० साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूत संदेश किती वेगानं धावतो ते मोजलं. तो वेग मोजणं अशक्य आहे, असं त्यांचे गुरू योहानेस म्यूलर मानत होते. निघाला सेकंदाला साधारण २५ ते ३० मीटर, म्हणजे आपल्या द्रुतगती मार्गावरच्या मोटारीइतका. विजेइतका नाही, प्रकाशाइतका तर नाहीच.

पण खरी उडी नेदरलँडमधल्या उट्रेख्टच्या फ्रान्सिस डोंडर्स यांची. त्यांचा विद्यार्थी डी यागर याच्या १८६५ च्या प्रबंधात प्रयोग आहे. दोन्ही पायांना विजेचा हलका झटका देण्याची सोय करायची. डाव्या पायाला बसला तर डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्या पायाला बसला तर उजव्या हातानं. एकदा कुठल्या पायाला बसणार ते आधी सांगून, एकदा न सांगता. दोन्ही वेळांतला फरक आला सेकंदाचा पंधरावा भाग. डोंडर्स यांनी १८६८ मध्ये या वजाबाकीचं शास्त्र केलं : साधी प्रतिक्रिया, ओळखून दिलेली प्रतिक्रिया, ओळखून आणि निवडून दिलेली प्रतिक्रिया. एकातून दुसरी वजा केली की मधल्या मानसिक पायरीचा वेळ उरतो. कवटी न उघडता, फक्त घड्याळाच्या आधारानं विचाराची लांबी मोजणारा हा पहिला माणूस. मला ही गोष्ट आजही थक्क करते.

लाइपझिगला १८७९ साली वुंट यांनी प्रयोगशाळा थाटली आणि प्रतिक्रियाकाल हा नव्या मानसशास्त्राचा पाया झाला. तो वारा पुढं कोलकात्यालाही पोचला. तिथल्या विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. आपल्याकडच्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाच्या वहीत 'प्रतिक्रियाकाल' हा प्रयोग ज्यांनी लिहिला असेल, त्यांनी डोंडर्स यांचाच प्रयोग केलेला आहे, बहुधा त्यांचं नाव न ऐकता.

दोन गोष्टींनी हा उत्साह मावळला. मानसशास्त्रज्ञ क्युल्पे यांचा वजाबाकीवरचा आक्षेप बिनतोड होता : निवड करायची आहे हे कळताच माणसाची सगळी तयारीच बदलते. आगगाडीला मध्येच एक डबा जोडावा तशी पायरी मध्ये जोडता येत नाही, मग वजाबाकी कसली? दुसरी गोष्ट गॉल्टन यांच्यापासूनची. १८८४ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यांनी हजारो लोकांचे प्रतिक्रियाकाल घेतले. त्यामागं कल्पना ही की चपळ तो बुद्धिमान. कॅटेल यांनी ती अमेरिकेत नेली. १९०१ मध्ये त्यांच्याच कोलंबिया विद्यापीठात विस्लर यांनी आकडे ताडून पाहिले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रतिक्रियाकालाचा परीक्षेतल्या गुणांशी म्हणण्यासारखा संबंध निघाला नाही. कल्पना मात्र मेली नाही. दवाखान्यातल्या त्या तरुणाच्या तोंडून मी तीच ऐकली.

विषय पुन्हा उभा राहिला तो दळणवळणाच्या शास्त्रामुळं. १९५२ साली केंब्रिजच्या हिक यांनी दहा बोटांसाठी दहा कळा आणि तेवढेच दिवे घेऊन दाखवलं की पर्याय दुप्पट झाले की प्रतिक्रियाकाल ठरावीक तेवढ्यानंच वाढतो. दोनाचे चार होवोत की चाराचे आठ. पुढच्याच वर्षी हायमन यांनी ते पक्कं केलं. याला अपवादही लवकरच सापडला. ज्या बोटाखाली कंप जाणवेल तेच बोट दाबायचं असेल, तर पर्याय वाढवूनही वेळ वाढत नाही, असं लेनर्ड यांना १९५९ मध्ये आढळलं. खूण आणि कृती यांचं नातं जितकं सरळ, तितका निवाडा स्वस्त. १९६६ मध्ये सॉल स्टर्नबर्ग यांनी लक्षात ठेवलेल्या आकड्यांच्या यादीतला शोध दर आकड्यामागं सुमारे ३८ मिलिसेकंद घेतो असं मोजलं आणि क्युल्पे यांच्या आक्षेपातून वाट काढली : पायरी काढायची किंवा घालायची नाही, फक्त ताणायची. हे काम बेल लॅबोरेटरीजमध्ये, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत झालं. आईला हे सांगितलं तेव्हा तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

तरीही एक गाठ राहिलीच होती. तोच माणूस, तीच खूण, तेच बटण. मग कधी ३०० मिलिसेकंद, कधी ७०० असं का? शेकडो वेळा मोजून आलेख काढला तर डावीकडं ताठ चढ आणि उजवीकडं लांब शेपूट दिसतं. जुने संशोधक सरासरी घेऊन शेपूट विसरायचे. नव्या पिढीनं त्या शेपटालाच धरलं.

तिला किल्ली मिळाली दारूगोळ्याच्या तपासणीतून. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कमध्ये अब्राहम वाल्ड हे संख्याशास्त्रज्ञ एका प्रश्नावर काम करत होते : मालाच्या साठ्यातले किती नमुने तपासल्यावर निकाल द्यायचा? वाल्ड यांचं उत्तर असं : संख्या आधी ठरवूच नका. एक नमुना घ्या, पुराव्यात जमा करा, मग पाहा. पारडं एका बाजूला पुरेसं झुकलं तर पास, दुसऱ्या बाजूला झुकलं तर नापास, मध्ये असेल तर आणखी एक नमुना. चुकांचं ठरावीक प्रमाण सांभाळून सरासरीनं सर्वांत कमी नमुन्यांत निकाल देणारी रीत हीच, हे पुढं सिद्ध झालं. त्याच काळात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये अ‍ॅलन ट्युरिंग जर्मन गुप्तलेख फोडताना पुराव्याचे तुकडे तोलून बेरीज करण्याची अशीच युक्ती वापरत होते. दोन्हीकडं गुप्तता. वाल्ड १९५० च्या डिसेंबरमध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी आले असताना निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून गेले. आपली रीत मेंदूच्या अभ्यासाचा कणा होणार आहे, हे त्यांना कळलं नाही.

१९७८ मध्ये रॉजर रॅटक्लिफ यांनी ती रीत स्मृतीच्या निवाड्यांना लावली. चित्र साधं आहे. मेंदूत पुरावा साठत जातो, पण सरळ नव्हे, गोंगाटामुळं मागंपुढं हेलकावत. दोन बाजूंना दोन उंबरठे. ज्या उंबरठ्याला पुरावा आधी टेकेल, तो निर्णय. उंबरठे दूर ठेवले तर उशीर होतो पण चूक क्वचित, जवळ ओढले तर झटपट निकाल आणि झटपट चुका. एका बाजूची आधीच अपेक्षा असेल तर सुरुवातच त्या उंबरठ्याजवळून होते. आलेखाचं ते लांब शेपूटही या चित्रातून आपोआप उमटतं. महत्त्वाचं हे की बरोबर आणि चूक उत्तरांचे वेळ एकत्र पाहिले तर एका आकड्याचे चार आकडे वेगळे काढता येतात : पुरावा किती जोमानं येतो, उंबरठे किती लांब, सुरुवात कुठून, आणि नसा-स्नायूंचा वेळ किती.

पुढची घराणी याच चित्रावरून भांडतात. काही म्हणतात, एक तराजू नाही, प्रत्येक पर्यायाचा वेगळा धावपटू आहे आणि त्यांची शर्यत लागते. कारपेंटर यांच्या मते चढ सरळच असतो, फक्त दर वेळी तो कमी-जास्त उभा असतो. सिसेक यांच्यासारखे संशोधक म्हणतात की वेळ सरकेल तशी निकड वाढते आणि कमी पुराव्यावरही निर्णय होतो. या वादांत मी पुस्तकात शिरलो आहे, पण बेताचाच. त्यांचा निकाल अजून लागायचा आहे आणि अनेकदा सगळीच चित्रं त्याच आकड्यांवर चपखल बसतात.

मेंदूत हे सगळं दिसतं का? १९९६ मध्ये हेन्स आणि शाल यांनी माकडांच्या मेंदूत नजर वळवणाऱ्या पेशी तपासल्या. प्रतिक्रिया लवकर असो की उशिरा, नजर हलण्यापूर्वी त्या पेशी एकाच पातळीला पोचत; फरक फक्त तिथवर चढण्याच्या वेगात. न्यूसम आणि शॅडलेन यांनी पडद्यावर भिरभिरणारे ठिपके दाखवले : काही एका दिशेनं, बाकी सैरावैरा. एका दिशेचे ठिपके जास्त तसा मेंदूच्या पार्श्व भागातल्या पेशींचा चढ उभा. उंबरठ्याचं चित्र जणू प्रत्यक्ष उमटलं. मग २०१६ मध्ये तोच भाग तात्पुरता बंद करून पाहिला, तर माकडांचे निवाडे जवळपास पूर्वीसारखेच चालू राहिले. मला यात निराशेचं काही वाटत नाही. निर्णयाची एकच खुर्ची मेंदूत नाही, एवढं त्यातून कळतं.

उंबरठा वरखाली कोण करतं, याचा एक धागा मात्र चांगला हाती आला आहे. मेंदूच्या खोल भागात सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा छोटासा पुंजका आहे. कंपवाताच्या काही रुग्णांत तिथं तार बसवून विद्युत उत्तेजन देतात. ही शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यातही होते. २००७ मध्ये मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उत्तेजन चालू असताना हे रुग्ण अवघड निवडीपाशी थबकत नाहीत. दोन पर्याय जवळजवळ सारखे असले की निरोगी माणूस आपोआप सावकाश होतो. यांची ती सावकाशी गेलेली असते. म्हणजे 'जरा थांब' म्हणणारी स्वतंत्र यंत्रणा आपल्याजवळ आहे. निर्णय आधी की जाणीव आधी, या लिबेट यांच्या १९८३ च्या प्रसिद्ध प्रयोगावरून खूप शाई सांडली आहे. त्याला मी एकच प्रकरण दिलं आहे.

हे आज जाणून घ्यायला हवं, ते मुख्यतः रस्त्यांमुळं. प्रयोगशाळेतला प्रतिक्रियाकाल पाव सेकंदाच्या आसपास असतो. इंडियन रोड्स काँग्रेस मात्र वाहन थांबवण्याचं अंतर काढताना चालकासाठी अडीच सेकंद धरते. दहापट! कारण प्रयोगशाळेत काय येणार ते माहीत असतं. रस्त्यावर आधी ते काय आहे हे ओळखायचं, मग ब्रेक की वळण हे ठरवायचं. ताशी १०० किलोमीटर वेगात अडीच सेकंद म्हणजे सुमारे ७० मीटर, ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच. आणि हे ठरवणं अरुंद बोळासारखं आहे, दोन निवाडे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. म्हणूनच स्ट्रेअर आणि जॉन्स्टन यांना २००१ मध्ये दिसलं की फोन हातात धरून बोलणं आणि हात मोकळे ठेवून बोलणं, दोन्हींनी चालक सारखाच मागं पडतो. आपण कायदा हातातल्या फोनवर चालवतो. अडचण हातात नाहीच.

मैदानावर हाच बोळ वेगळा दिसतो. ताशी १४० किलोमीटरनं आलेला चेंडू फलंदाजाकडं अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचतो. पीटर मॅक्लिऑड यांनी १९८७ मध्ये चटईखाली दांड्या ठेवून चेंडूला अनपेक्षित वळण दिलं. कसलेल्या फलंदाजांनाही २०० मिलिसेकंदांच्या आत फटका बदलता आला नाही. त्यांच्या नसा तुमच्या-माझ्यासारख्याच. फरक हा की ते गोलंदाजाच्या हातातून, टप्प्याआधीच पुरावा जमवतात. शिवाजी पार्कवर तासन्‌तास नेट करणारी मुलं हेच शिकत असतात. खो-खो हा तर माझ्या मते निर्णयाचा सर्वांत शुद्ध खेळ. पळणाऱ्यानं हूल दिली की पाठलाग करणाऱ्याच्या मेंदूत खोटा पुरावा जमा होतो, उंबरठा ओलांडला जातो, खांदा वळतो, आणि वळलेली दिशा नियमानं बदलता येत नाही. सुरू झालेली कृती रोखायलाही मेंदूला दोन-अडीचशे मिलिसेकंद लागतात, हे लोगन आणि कावन यांनी १९८४ पासून दाखवलं आहे. हूल त्या फटीत घुसते. धावण्याच्या शर्यतीतल्या नियमाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू बंदुकीआधीच निघाला असं धरतात. २०२२ मध्ये यूजीनला डेव्हन अ‍ॅलन ०.०९९ साठी बाद झाला. पूर्ण तयारीत असलेल्या माणसाला मोठा आवाज ऐकवला तर ठरलेली हालचाल त्याहूनही लवकर सुटते, हे १९९९ पासून माहीत आहे.

हे पुस्तक मानसशास्त्राचा अभ्यास नसलेल्यांसाठी आहे. सूत्रं जवळपास नाहीत. प्रयोग पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांना पट्टी, पत्त्यांचा जोड किंवा मोबाईलवरचं घड्याळ पुरतं. बुद्धी किंवा चपळाई वाढवण्याचे उपाय इथं मिळणार नाहीत. एखाद्या आकड्यावरून माणसाला मंद ठरवण्याआधी त्या आकड्यात काय काय मिसळलं आहे हे विचारता यावं, एवढाच माझा प्रयत्न आहे. म्हातारपणावरचा भाग त्यामुळं सर्वांत लांब झाला आहे. रॅटक्लिफ, थापर आणि मकून यांनी वृद्धांचे आकडे वेगळे करून पाहिले, तेव्हा अनेक कामांत पुराव्याचा जोम तरुणांइतकाच निघाला. नसा-स्नायूंचा वेळ थोडा वाढलेला होता, आणि उंबरठे लांब ठेवलेले होते. त्यांना चुकायचं नव्हतं.

हे वाचल्यावर मी घरी आईसाठी फोनवर तसाच बाणांचा खेळ मांडला. पहिल्यांदा काहीच सांगितलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, "चुकलं तरी चालेल, पण पटापट दाब." तिचा वेळ कमी झाला, बराच कमी. चुकाही झाल्या. विसाव्या बाणानंतर तिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "असं नको बाई. पहिल्यासारखंच खेळू."